अकरा जणांची सेवा

आमच्या मंडळीच्या तरुण संघात सगळ्यात लहान सभासदाचं वय अडतीस आहे. संघाच्या घटनेत वयाची अट घालायची राहून गेली आणि जे एकदा आत आले ते आतच राहिले. मी खजिनदार. सत्तेचाळीस पूर्ण, उजवा गुडघा कुरकुरता, नोकरी बँकेत हेड कॅशियरची.

अशा या तरुणांनी दहा दिवस परमुलखात सेवेला जायचं असं ठरलं ते नाताळच्या जेवणानंतर. पोट भरलेलं असताना माणूस कुठल्याही त्यागाला तयार असतो. चर्चा आफ्रिकेपासून सुरू झाली आणि माझ्या पासबुकाकडे बघत बघत नागालँड, ओडिशा असं करत गोंदियाला येऊन थांबली. महाराष्ट्र एक्सप्रेस नगरहून थेट गोंदियाला जाते. तिथून चाळीसेक किलोमीटरवर बालाघाट. राज्य दुसरं, भाषा दुसरी, जंगल, वाघ, आदिवासी. मिशनरीला आणखी काय लागतं? ठराव एकमताने पास झाला. सौ.ने विचारलं, "घरातला नळ गळतोय तो कधी बघणार?" मी म्हटलं, "अगं, हाक आली आहे." ती म्हणाली, "नळाचीपण येतेय. रात्रभर."

निघण्याआधी 'परक्या संस्कृतीत कसे वागावे' या विषयावर एक व्याख्यान झालं. वक्ते सहा आठवडे अमेरिकेत लेकीकडे राहून आले होते, त्यामुळे परकी संस्कृती हा त्यांचा विषय होता. त्यांनी आम्हाला कल्चर शॉकच्या चार पायऱ्या सांगितल्या आणि लिफ्टमध्ये अनोळखी माणसाकडे बघून हसावं असा सल्ला दिला. सेक्रेटरींनी तो लिहूनही घेतला.

सामानाचे नग तेवीस झाले. पेटी, ढोलकी, बॅटरीवरचा माइक, दोनशे टूथब्रश, ओआरएसची शंभर पाकिटं, मावशींचा फलानेलचा फळा (मावशी म्हणजे आमच्या संडेस्कूलच्या बाई, बावीस वर्षं शिकवतायत), जुन्या कपड्यांची चार गाठोडी आणि पंचवीस किलो तांदूळ. मे महिना असल्यामुळे गाठोड्यांतले स्वेटर वगळावेत असं मी सुचवलं होतं. "देणाऱ्याने ऋतू बघू नये," असं उत्तर मिळालं. तांदळाबद्दल मी काही बोललो नाही, कारण बालाघाट हा भाताचा जिल्हा आहे, तिथल्या चिन्नौर तांदळाला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आम्ही कोकणात नारळ घेऊन निघालो होतो.

नागपूर मागे पडलं तसे सेक्रेटरी हळवे झाले. ना. वा. टिळकांना याच मार्गावर, नागपूरहून राजनांदगावला जाताना, एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला होता आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं होतं. 1895 च्या फेब्रुवारीत टिळकांनी खरोखर बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे या लोहमार्गावरून जाणाऱ्या मराठी ख्रिस्ती माणसाला शेजारच्या प्रवाशाकडे जरा आशेने बघायची सवय आहे. सेक्रेटरींनी धीर करून समोरच्या गृहस्थांच्या हातात 'ज्ञानोदय'चा एक जुना अंक दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, मांडीवर पसरला आणि त्यावर चिवडा ओतला. मग अंक आमच्यापुढे धरून म्हणाले, "घ्या."

बालाघाट स्टेशनाबाहेर सेक्रेटरींनी पाठ केलेलं पहिलं हिंदी वाक्य पानवाल्यापाशी काढलं. "भाईसाब, हम बहुत दूर से आए हैं, क्या आप हमको..."

"कोठचे होय जी तुम्ही?" पानवाला म्हणाला. "नगरचे? एवढ्या उन्हात काहून आले?"

परमुलखाच्या पहिल्या दहा मिनिटांतच मराठी बोलणारा माणूस भेटला म्हणून सगळे हिरमुसले. वास्तविक यात आश्चर्याचं काही नव्हतं. हा जिल्हा 1867 साली केला तोच भंडारा, मंडला आणि शिवनीचे तुकडे जोडून. 1956 पर्यंत इथल्या माणसाची राजधानी नागपूर. चहाच्या टपरीवर एकाने तर माझ्याकडून नागपूरच्या सीताबर्डीची खुशाली विचारून घेतली. मी सीताबर्डीला एकदाच गेलोय, तेही चपला घ्यायला. आमचे व्याख्याते बरोबर असते तर कल्चर शॉकची पाचवी पायरी त्यांना कळली असती: तो न बसणे.

खरा परमुलूख बैहरच्या घाटात सुरू झाला. बालाघाट म्हणजे घाटावरचा मुलूख, पण गाव घाटाखाली आहे, घाट पुढे आहे. भरवेलीच्या मँगनीज खाणीवरून वर चढलं की साल आणि बांबू सुरू होतात आणि मोबाइलची रेंज संपते. साठ-सत्तर किलोमीटरच्या त्या रस्त्यात आमच्यापैकी तिघांनी प्रार्थना केली आणि दोघांना उलट्या झाल्या. बैहरच्या पुढे, कान्हा राष्ट्रीय उद्यानाच्या मुक्की गेटच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या लहानशा मंडळीचे सेवक, ज्यांना सगळे मास्टरजी म्हणत, ते आणि त्यांच्या पत्नी आमची वाट बघत उभे होते. दोघं गोंड. वहिनींनी तेवीस नग उतरताना पाहिले आणि मास्टरजींना हळूच काहीतरी विचारलं. नंतर कळलं, की "हे राहायला आलेत का?" असा प्रश्न होता.

तांदळाचं पोतं उघडल्यावर वहिनींनी एक मूठ हातात घेतली, वास घेतला आणि मूठ परत पोत्यात सोडली. तो तांदूळ दहा दिवसांत एकदाही शिजला नाही. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

संध्याकाळी स्वागताचा कार्यक्रम. सेक्रेटरींना सांगायचं होतं, की आम्ही शहरातून तुमची चेष्टा करायला आलेलो नाही, मनापासून आलोय. माइक हातात घेऊन ते गरजले, "भाइयो और बहनो, हम यहाँ चेष्टा करने बिलकुल नहीं आए हैं!"

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आम्ही इथे प्रयत्न करायला बिलकूल आलेलो नाही, अशी जाहीर ग्वाही ऐकून लोकांनी शांतपणे माना डोलावल्या. एका म्हातारबांनी तर "कोई बात नहीं" असंही म्हटलं. पुढच्या दहा दिवसांत आम्ही तो शब्द पाळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आमचं बालशिबिर होतं. पेटी लावली, ढोलकी ताणली, दोनशे टूथब्रश मांडले. गावात माणूस नाही. कुत्री होती, कोंबड्या होत्या, एका ओट्यावर एक आजी होती आणि तिला दात नव्हते.

"लोक कुठे गेले?"

"पत्ता तोड़ने," मास्टरजी म्हणाले.

मे महिना म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम, आपल्याकडे टेंभुर्णी म्हणतात ते झाड. विडीचं पान. पहाटे अंधारात अख्खं गाव जंगलात जातं, पोरंटोरंही. ऊन चढलं की फडक्यांत पानं बांधून परत येतं, सावलीत बसून गड्ड्या बांधतं आणि संध्याकाळी फडावर नेऊन मोजून देतं. वर्षाच्या रोकड पैशाचा मोठा भाग त्या थोड्या आठवड्यांत मिळतो. आमचं पत्र आलं तेव्हा मास्टरजींनी दिवाळीनंतर या असं कळवलं होतं म्हणे. पण दिवाळीनंतर आमच्या सेक्रेटरींच्या साडूच्या मुलाचं लग्न होतं.

मग आमच्याबरोबर आलेल्या पाळकसाहेबांनी निर्णय घेतला, की लोक शिबिराला येत नसतील तर शिबिराने लोकांकडे जावं. आम्ही अकराही जण पानं बांधायला बसलो.

इथे मला माझं दुःख जरा सविस्तर सांगू द्या. एका गड्डीत 50 पानं. अशा हजार गड्ड्या म्हणजे एक मानक बोरा. गेली चोवीस वर्षं मी मोजण्याचाच पगार घेतो. शंभराची गड्डी मी गप्पा मारत मोजतो. मी अंगठ्याला थुंकी लावली आणि पहिलं पान सरकवलं. ते फाटलं. कोवळं पान नोटेसारखं कडक नसतं, हातात लोळतं. दुसऱ्यांदा अंगठा जिभेला लावला तेव्हा अख्ख्या जंगलाची धूळ तोंडात गेली. शेजारी बसलेली नऊ-दहा वर्षांची पोरगी माझ्याकडे न बघता, ओठ न हलवता पानं एकावर एक ठेवत होती. दोन ढीग, एक झटका, सालीच्या दोरीचा एक वेढा, गाठ, बाजूला. मी पंचविसाव्या पानावर पोचलो की ती दुसरी गड्डी फेकायची. त्यात मध्येच सेक्रेटरी विचारायचे, "काय हो खजिनदार, किती झाली?" की माझी मोजणी गेली. दुपारपर्यंत माझ्या नावावर अकरा गड्ड्या झाल्या. एक सत्तेचाळीसची, एक त्रेपन्नची, एकीत माझा रुमाल.

संध्याकाळी फडावर मुंशीने आमचा ढीग पाहिला.

"ये किसने बाँधा?"

"मेहमान हैं," वहिनी म्हणाल्या.

"मेहमानों से काम कराती हो?"

"काम नहीं करते," वहिनी म्हणाल्या, "सीखते हैं।"

मुंशीने आमच्या सगळ्या गड्ड्या परत केल्या. मी आजवर ज्या ज्या खातेदाराला 'मोजून आणा' म्हणून काउंटरवरून परत पाठवलंय ते सगळे त्या वेळी मला आठवले. रात्री पाणी प्यायला उठलो तर ओट्यावर दिवा. वहिनी आणि ती पोरगी आमच्या गड्ड्या सोडून पुन्हा बांधत होत्या. पोरगी रुमाल उंच धरून हसत होती. मी पाणी न पिता परत झोपलो.

तिसऱ्या दिवसापासून शिबिर दुपारी, पानं बांधून झाल्यावर. मावशींनी फलानेलचा फळा उभा केला. हिरवं कुरण चिकटवलं, त्यावर मेंढरं. शंभर मेंढरांतलं एक हरवतं आणि मेंढपाळ नव्याण्णव सोडून त्या एकाला शोधायला जातो, ही मावशींची हुकमी गोष्ट. नगरला हमखास दोन-तीन आया डोळे पुसतात. इथे समोर बसलेला एक पोरगा रोज चौदा शेळ्या जंगलात नेणारा निघाला. त्याने हात वर केला.

"निन्यानबे को किसके पास छोड़ा?"

"वहीं. जंगल में."

"कुत्ता था?"

"नहीं, कुत्ते का... नहीं है कुत्ता."

"कितनी देर को गया?"

"बहुत देर. रात हो गई," मावशी भावनेने म्हणाल्या.

पोरगा गप्प झाला. सगळीच पोरं गप्प झाली. मुक्की गेट तिथून हाकेवर, आणि गेट माणसांसाठी असतं, वाघाला तिकीट लागत नाही. शेवटी तो अपार सहानुभूतीने म्हणाला, "फिर तो लौटने पर उसके पास वो एक ही बची होगी।"

बावीस वर्षांत मावशींना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी क्षणभर फळ्याकडे पाहिलं. मग पिशवीतून नाताळचं पाकीट काढलं, त्यातला बेथलेहेमचा गोठा सोडवला, कुरणाच्या मधोमध चिकटवला आणि मेंढरं एकेक करून आत घातली. सगळ्या पोरांनी सुटकेचा श्वास टाकला. त्या पोराने पुढे येऊन गोठ्याचं दार नीट लागलंय का ते बोटाने दाबून पाहिलं.

टूथब्रश लोकप्रिय झाले हे कबूल केलं पाहिजे. दुसऱ्याच दिवशी गावातल्या सगळ्या सायकलींच्या चेनी लखलखत होत्या. दात पोरं करंजाच्या काडीनेच घासत होती आणि ते आमच्यापेक्षा पांढरे होते.

सेक्रेटरींचा जीव मात्र कायद्याने टांगणीला लागला होता. मध्य प्रदेशात धर्मस्वातंत्र्याचा कायदा 1968 पासून आहे, 2021 मध्ये नवा आणि आणखी कडक आला. आपण फक्त आपल्या मंडळीच्या मुलांत आणि कामात, बाहेरच्या कुणाशी धर्माचं अक्षर बोलायचं नाही, अशी सक्त ताकीद त्यांनी दिली होती. ढाब्यावर जेवणाआधीची प्रार्थनासुद्धा ते डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं करून उरकत. आणि नेमके तेच सापडले. 'कोई बात नहीं' म्हणणारे म्हातारबा बैगा होते. गोंडांच्या गावातसुद्धा भुईच्या पूजेचा मान बैगाचा. ते संध्याकाळी सेक्रेटरींशेजारी येऊन बसले आणि कुणी न विचारता सांगू लागले, की आधी नुसतं पाणी होतं, मग भुई झाली, मग नंगा बैगा आणि नंगी बैगिन झाले, आणि सगळी माणसं त्यांची लेकरं. "तुम भी," ते सेक्रेटरींच्या पोटाकडे बोट करून म्हणाले.

सेक्रेटरींनी बराच संयम केला. मग राहवेना. "हमारे में भी पहला आदमी नंगा ही था."

"वही."

"वही कैसे? उसका नाम आदम."

"जंगल में रहता था?"

"बाग थी. मतलब... झाडं-बिडं थीं."

"नदी?"

"थी."

"हल चलाता था?"

"नहीं नहीं, हल तो बाद में आया. शिक्षा में."

आपल्याकडे शिक्षा म्हणजे दंड. हिंदीत शिक्षण. म्हातारबांनी मान डोलावली. "हमको भी सरकार ने शिक्षा में हल ही दिया था।"

दोघं आपापल्या भाषेत अगदी बरोबर होते. धरती आई आहे, तिच्या छातीवर नांगर चालवायचा नाही, ही बैगांची जुनी श्रद्धा. झाडं तोडून, जाळून, राखेत बी टाकायचं, ती बेवर शेती. इंग्रज सरकारने जंगलं ताब्यात घेतली, बेवर बंद करत आणली आणि बैगांना नांगर धरायला शिकवलं. सगळी हकिगत ऐकून म्हातारबांनी निकाल दिला, "आदमी वही है। नाम तुम लोगों ने बदल दिया।" आणि विडी पेटवली. गावात धर्मप्रचार झाला तो एवढाच. तो आमच्यात झाला. कायद्यात त्याची तरतूद असावी असं वाटत नाही.

हे प्रकरण वाटतं तितकं निरुपद्रवी नाही. व्हेरियर एल्विन ऑक्सफर्डहून धर्मशास्त्र शिकून आलेला, पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात राहिलेला. 1932 साली शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती मित्राला घेऊन तो शेजारच्या मंडला जिल्ह्यात करंजियाला गेला. तोही असाच संध्याकाळी म्हाताऱ्यांपाशी बसू लागला. 1939 मध्ये त्याने बैगांवर जाडजूड ग्रंथ काढला. चर्च त्याआधीच सुटलं होतं. मास्टरजींनी हे सांगितलं त्या रात्री पाळकसाहेबांनी सेक्रेटरींना म्हातारबांच्या ओट्यावर बसायची मनाई केली.

चौथ्या दिवशी आमचं आरोग्य शिबिर होतं. ते ठरल्याप्रमाणे झालं, फक्त रुग्ण आम्ही होतो. अकरापैकी सात जण पाठोपाठ आडवे झाले. कुणी उन्हाला दोष दिला, कुणी पाण्याला. मी आदल्या रात्री तिघांनी खाल्लेल्या दीड डझन आंब्यांकडे लक्ष वेधलं. आशा दीदी आल्या, अकराही जणांची बोटं टोचून मलेरियाची तपासणी केली, निकाल चांगला आला म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या. गावासाठी आणलेल्या ओआरएसच्या शंभर पाकिटांतली चौसष्ट आम्ही प्यालो. वहिनींनी दोन दिवस कोदोची पेज करून घातली. आजाऱ्यांसाठी म्हणून ती केली आणि चार धडधाकट माणसंसुद्धा कण्हू लागली. ती पेज होतीच तशी. आरोग्य शिबिराच्या अहवालात मी 'तपासलेले रुग्ण 11, औषधोपचार 7' असं लिहिलंय. त्यात एक अक्षर खोटं नाही.

एकदा आंब्याच्या झाडाखाली पडल्या पडल्या मी मास्टरजींना विचारलं, "हे झाड कुणी लावलं?"

"जुन्या मिशनच्या वेळचं असेल," ते म्हणाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन लॅम्पर्ड नावाच्या पाद्र्याने या भागात बालाघाट मिशन सुरू केलं. ते पुढे मेथडिस्टांकडे गेलं. "वो लोग आते थे तो आम का पेड़ लगाते थे। फल आने तक रहना है, इसलिए।" मग आमच्या सालींच्या ढिगाकडे पाहून अत्यंत आदराने म्हणाले, "आप लोग सीज़न में आए, अच्छा किया।"

निघायच्या आदल्या रात्री मास्टरजींनी अभिप्रायाची वही पुढे केली. मंडळीतला लिहिणारा माणूस म्हणून ते काम माझ्याकडे. मी कंदिलापाशी तासभर बसलो. शेवटी मला एक वाक्य सुचलं, आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला: 'आम्ही द्यायला आलो होतो, पण घेऊनच चाललो.' आपल्याला असंही सुचू शकतं! पेन टेकवण्याआधी सहज मागची पानं चाळली. गेल्या वर्षीच्या गटाने तेच लिहिलं होतं, हिंदीत. त्याच्या आधीच्यांनी इंग्रजीत. त्याच्या आधीच्यांनी मल्याळीत, म्हणजे मास्टरजींनी तसं सांगितलं. एका गटाने तर खाली दोन रेघाही ओढल्या होत्या.

मी ते वाक्य सोडून दिलं आणि लिहिलं: 'ओआरएस 36 पाकिटे शिल्लक, तांदूळ 25 किलो, स्वेटर 31. पोच द्यावी.' मास्टरजींनी वाचलं आणि पहिल्यांदाच मनापासून हसले. मग त्यांनी मागच्या खोलीचं दार उघडून दाखवलं. आत छतापर्यंत गाठोडी होती. वरच्या एका गाठोड्यातून माकडटोपी लोंबत होती.

सकाळी जीप आली. नग मोजले तर तेवीसच भरले. वहिनींनी आमच्या तांदळाच्या जागी स्वतःचा तांदूळ बांधून दिला होता. मुंशीसुद्धा निरोपाला आला आणि मला म्हणाला, "अगले साल गिनती सीखकर आना।" ती पोरगी माझा रुमाल डोक्याला बांधून उभी होती. सेक्रेटरी म्हातारबांना मिठी मारून, पाळकसाहेबांची नजर चुकवून, डोळे पुसत होते. जीप सुरू व्हायला नेहमीप्रमाणे वेळ लागला. त्या वेळात शेजारीण कुंपणापाशी आली आणि तिने वहिनींना काहीतरी विचारलं. वहिनी सुपातलं पाखडत, मान वर न करता म्हणाल्या,

"नहीं, इस साल वाले अच्छे थे। सात ही बीमार पड़े।"